जुळणी की निर्मिती? शिवडीच्या शेवरोलेपासून बीकेसीच्या टेस्लापर्यंत

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातील पहिले दालन उघडले. तेथे मांडलेल्या 'मॉडेल वाय' या विजेवरील मोटारीची किंमत सुमारे ६० लाख रुपये होती. अमेरिकेत त्याच सुमारास ही गाडी ४५ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे ३८-३९ लाख रुपयांना मिळत होती. मधल्या वीस-एकवीस लाखांतील मोठा वाटा आयात शुल्काचा आहे.

भारतातील आयात शुल्क जगातील मोठ्या देशांमध्ये सर्वाधिक आहे, अशी तक्रार टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२१ मध्येच केली होती. तेव्हा ४० हजार डॉलरहून महाग मोटारीवर १०० टक्के आणि त्याहून स्वस्त मोटारीवर ६० टक्के शुल्क होते. गाडी विजेची की पेट्रोलची, याने काही फरक पडत नव्हता. सरकारचे उत्तर ठरलेले होते : येथे कारखाना काढा, मग शुल्काचे पाहू.

हे उत्तर २०२१ मध्ये सुचलेले नाही. ते किमान सत्तर वर्षे जुने आहे आणि ज्या प्रश्नातून ते निघाले, तो प्रश्न त्याहूनही जुना आहे. या धाग्यात त्या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. विजेच्या गाड्यांविषयी आज चाललेला वाद त्याशिवाय नीट उमगत नाही.

प्रश्न असा : परदेशी मोटारीचे सुटे भाग आणून येथे जोडले, तर ती मोटार देशी म्हणायची का?

१९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. बंदर जवळ होते. अख्खी मोटार बोटीतून आणण्यापेक्षा तिचे सुटे भाग खोक्यांत भरून आणले की जागा कमी लागे आणि वाहतूक स्वस्त पडे. शिवडीत ती खोकी उघडली जात, सांगाड्यावर इंजिन चढे, रंग दिला जाई आणि शेवरोले रस्त्यावर येई. पाठोपाठ फोर्डनेही मुंबई, मद्रास व कलकत्त्यात असेच जुळणीचे कारखाने काढले. कामगार येथलेच होते, पण इंजिन, गिअर, अ‍ॅक्सल, किंबहुना ज्याला मोटार म्हणावे असे सारे काही समुद्रापलीकडून येत होते.

त्या काळचे आयात शुल्क उद्योग उभारण्यासाठी नव्हतेच. सरकारी तिजोरी भरणे हा त्याचा हेतू होता, आणि पुढे त्यात ब्रिटिश मालाला झुकते माप देण्याचे राजकारण मिसळले. शुल्क ही उद्योगाला वाढवण्याची काठी होऊ शकते, हा विचार मात्र महाराष्ट्राला नवा नव्हता. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी इंग्लंडचे मुक्त व्यापाराचे अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे ठामपणे मांडले होते. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्ट यांचा 'बाल उद्योगां'ना संरक्षण देण्याचा सिद्धान्त त्यांच्या मांडणीमागे होता.

पुढे १९२१-२२ मध्ये मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली राजकोषीय आयोग बसला. संरक्षण मागणाऱ्या उद्योगासाठी त्याने तीन कसोट्या घातल्या. उद्योगाला कच्चा माल, बाजारपेठ यांसारखी नैसर्गिक अनुकूलता असावी. संरक्षणाशिवाय तो वाढणे अशक्य असावे. आणि तिसरी अट अशी की, कालांतराने संरक्षणाशिवाय जागतिक स्पर्धेत उभे राहण्याची शक्यता त्यात असावी. या कसोट्यांवर टाटांच्या पोलादाला १९२४ मध्ये संरक्षण मिळाले. राष्ट्रवादी अर्थतज्ज्ञांनी या कसोट्या कंजूष ठरवल्या. परकीय सरकार त्या लावणार असल्याने त्यांचा आक्षेप रास्तही होता. तरी तिसरी कसोटी ध्यानात ठेवावी. पुढच्या सत्तर वर्षांत सर्वाधिक विसरली गेली ती हीच.

मोटारीची निर्मिती येथेच व्हावी, ही खटपट १९३० च्या दशकात सुरू झाली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून योजना तयार केली. मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखवली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी करार जमवला. एवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दिल्लीच्या सरकारने या प्रकल्पाला हात दिला नाही. युद्धासाठी मोटारी हव्या होत्या, पण त्या हिंदुस्थानात तयार व्हाव्यात अशी निकड ब्रिटिश सरकारला वाटली नाही.

वालचंदांनी अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ ही वाहने बाहेर पडू लागली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्येच ओखा बंदरात सुरू झाली होती आणि ती पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाऱ्याला गेली. परंतु या दोन्ही स्वदेशी कंपन्या सुरुवातीला करीत काय होत्या? जनरल मोटर्स शिवडीत जे करीत होती, तेच. मालक स्वदेशी असला तरी मोटार परदेशीच होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९४९ मध्ये पूर्ण तयार मोटारींची आयात बंद केली. तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, कारण खोक्यांतून येणारे सुटे भाग येतच राहिले. मग हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या जकात आयोगाकडे गेला.

१९५३ चा जकात आयोगाचा अहवाल हे भारतीय मोटार उद्योगाचे खरे जन्मपत्र म्हणावे लागेल. साऱ्या देशाची मागणी वर्षाला फार तर वीसेक हजार वाहनांची, आणि त्यासाठी डझनभर कंपन्या नाना तऱ्हेच्या मोटारी जोडीत बसलेल्या. एवढ्याशा बाजारात एकाही मोटारीचे इंजिन येथे घडवणे कोणालाच परवडत नव्हते. आयोगाने सुचवले की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने येथेच निर्मिती करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच राहू द्यावे आणि नुसती जुळणी करणाऱ्यांनी तीन वर्षांत गाशा गुंडाळावा. सरकारने हे मानले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांना इतक्या लहान बाजारासाठी निर्मितीत पैसा घालण्याची इच्छा नव्हती. १९५४ मध्ये दोघांनीही भारतातील काम थांबवले आणि शिवडीचा कारखाना बंद झाला.

त्या वेळी जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांना नवस्वतंत्र देशाने सांगितले होते की, घडवा किंवा जा. त्या गेल्या. हा निर्णय भाबडा नव्हता. बाजार लहान असेल तर तो वाटून घेण्यापेक्षा मोजक्या हातांत द्यावा, म्हणजे निदान तेवढे हात काही शिकतील, हा त्यामागचा हिशेब होता. चूक झाली ती त्यानंतर. ज्यांना बाजार दिला, त्यांच्याकडून तो परत केव्हा घ्यायचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

पुढचा काळ आज विनोदाचा विषय झाला आहे. उत्तरपाऱ्याची अ‍ॅम्बॅसडर मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती आणि १९५० च्या दशकातील तो सांगाडा किरकोळ बदलांसह २०१४ पर्यंत चालला. कुर्ल्याची फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टिकली. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. स्कूटरची कथा त्याहून बिकट होती. आकुर्डीच्या बजाज चेतकचा क्रमांक लागणे हा मध्यमवर्गीय घरातला सोहळाच असे, आणि क्रमांक लागलेल्या माणसाने ती लगेच जास्त किमतीला विकल्याच्या कथा घरोघरी सांगितल्या जात.

मात्र याचा सारा दोष आयातबंदीच्या भिंतीवर टाकणे उथळपणाचे ठरेल. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर यंत्रसामग्री आणायलाही डॉलर मिळेनासे झाले. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरे. मोटार ही चैनीची वस्तू मानल्याने क्षमता वाढवण्याची परवानगी सहजी मिळत नसे. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीही ठरवून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाहेर स्पर्धा नाही, आत वाढायला मुभा नाही, आणि किंमत दुसऱ्याच्या हातात. अशा कारखान्याने नवे मॉडेल काढावे तरी कशासाठी? भिंतीने उत्पादकाला परदेशी स्पर्धकापासून वाचवले, आणि परवान्याने त्याला ग्राहकापासूनही वाचवले. दुसरे संरक्षण अधिक घातक होते.

शिवाय त्या भिंतीआड काही घडलेच नाही, असेही नाही. इंजिनाचे भाग, गिअर, क्रँकशाफ्ट, रेडिएटर, दिवे हे सारे येथेच मिळवायचे असल्याने ते घडवणारे लघु व मध्यम कारखाने उभे राहिले. टेल्को, बजाज, भारत फोर्ज यांच्याभोवती पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा औद्योगिक पट्टा फुलला तो याच काळात. आज पुण्याच्या परिसरात लेथ आणि प्रेसवर काम करणाऱ्या कामगारांची जी तिसरी-चौथी पिढी दिसते, तिची मुळे १९५३ च्या 'घडवा किंवा जा' या निर्णयात आहेत. अ‍ॅम्बॅसडरला हसताना हे विसरू नये.

कोंडी फुटली ती मारुतीने. १९८२ मध्ये भारत सरकार आणि जपानची सुझुकी यांचा करार झाला, त्यात सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. पहिल्या गाड्यांचे बहुतेक भाग जपानहून येत होते, म्हणजे पुन्हा खोकी आणि पुन्हा जुळणी. पण या वेळी घड्याळ लावले होते. सुट्या भागांवर शुल्कसवलत होती आणि त्या बदल्यात ठरलेल्या वर्षांत बहुतांश भाग भारतातच बनवण्याचे बंधन होते. १९८५ नंतर जपानी येन झपाट्याने महागल्याने आयात भाग परवडेनासे झाले, आणि सरकारी अट व बाजारातील गणित एकाच दिशेला ढकलू लागले. मारुतीने स्वतःच्या पुरवठादारांत भांडवल घातले, त्यांना जपानी कंपन्यांशी जोडून दिले आणि गुरगावच्या आसपास सुट्या भागांचे नवे जाळे विणले.

आयात शुल्काची भिंत १९८३ मध्ये तसूभरही खाली आली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. बदल एवढाच झाला की भिंतीच्या आत एक खरा प्रतिस्पर्धी आणून सोडला. प्रीमियर आणि हिंदुस्थान मोटर्सचा बाजार त्या एका प्रतिस्पर्ध्याने दहा वर्षांत गिळला. कुर्ल्याचा कारखाना शतकाच्या अखेरीस थंडावला. तेथील कामगारांनी त्याची जी किंमत मोजली, ती उदारीकरणाच्या यशोगाथांत सहसा सापडत नाही.

१९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि परदेशी कंपन्या रांगेने आल्या. जनरल मोटर्स परतली, फोर्ड परतली, ह्युंदाई नव्याने आली. सरकारने त्यांना पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला. डिसेंबर १९९७ च्या जाहीर सूचनेनुसार सुट्या भागांचे संच आयात करायचे असतील तर कंपनीने सरकारशी करार करायचा होता. तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग देशी करायचे होते. शिवाय जेवढ्या मूल्याचे भाग आणले, तेवढ्या मूल्याची निर्यातही करायची होती.

या वेळी मात्र समोर जागतिक व्यापार संघटना होती. युरोपीय समुदाय आणि अमेरिका भारताविरुद्ध तेथे गेले. देशी भागांची सक्ती म्हणजे आयात मालाशी भेदभाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. डिसेंबर २००१ मध्ये तंटा मंडळाने भारताविरुद्ध निष्कर्ष दिला. भारताने अपील दाखल केले, पण मार्च २००२ मध्ये ते मागे घेतले. तोवर देशी भागांची अट भारताने स्वतःच रद्दही केली होती. 'घडवा किंवा जा' असे थेट म्हणण्याचा मार्ग बंद झाला. उरले ते आयात शुल्क. ते किती असावे याची कमाल मर्यादा संघटनेत ठरते, पण त्या मर्यादेत ते चढेल ठेवण्यास मनाई नाही. चढे आयात शुल्क एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर येथे आहे. सक्तीचे हत्यार गेल्यावर सरकारच्या हाती दाराची किल्ली तेवढी राहिली.

(जाता जाता : जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि तिचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील निर्मिती आवरती घेतली. दोघांचेही जाणे दुसऱ्यांदा, आणि या वेळी त्यांना कोणी 'जा' म्हटले नव्हते.)

विजेच्या गाड्या आल्या तेव्हा धोरणकर्त्यांकडे हा सारा वारसा होता. २०१५ मध्ये 'फेम' ही अनुदान योजना आली आणि २०१९ मध्ये तिचा दुसरा, बराच मोठा टप्पा. त्यासोबत 'टप्प्याटप्प्याने निर्मिती कार्यक्रम' जाहीर झाला. १९५३ च्या अहवालाची आठवण व्हावी असेच हे नाव आहे. आयात शुल्काची पायऱ्या-पायऱ्यांची रचना केली गेली. २०२० च्या अर्थसंकल्पात विजेच्या प्रवासी मोटारीच्या पूर्ण सुट्या संचावर १५ टक्के, तर अर्धवट जुळवलेल्या संचावर ३० टक्के शुल्क ठरले. पूर्ण तयार गाडीवर त्याहून कितीतरी जास्त. जितके जास्त काम येथे कराल, तितके कमी शुल्क, असा त्याचा अर्थ.

अशी पायऱ्यांची रचना असली की एक प्रश्न हटकून उभा राहतो : समोरचे खोके कोणत्या पायरीचे? छत्रपती संभाजीनगर आणि चाकण येथे कारखाने असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सीमाशुल्क विभागाने २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या कराची नोटीस दिली. कंपनीने जवळजवळ अख्ख्या गाड्यांचे संच वेगवेगळ्या खेपांत 'सुटे भाग' म्हणून आणले आणि वरच्या पायरीचे शुल्क चुकवले, असा विभागाचा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण भाग म्हणजे काय आणि गाडी म्हणजे काय, हा वाद शिवडीच्या काळापासून कसा जिवंत आहे ते या एका नोटिशीवरून कळावे.

दुचाकींतही हेच झाले. देशी भागांची अट न पाळता 'फेम'चे अनुदान उचलले, असा ठपका ठेवून २०२३ मध्ये सरकारने काही विद्युत दुचाकी कंपन्यांकडे पैसे परत मागितले. नाव निर्मितीचे, काम जुळणीचे.

परंतु एक गोष्ट १९५३ पेक्षा मुळातच वेगळी आहे. तेव्हा मोटारीचा आत्मा इंजिन आणि गिअर होता आणि ते घडवायला पोलाद, ओतकाम, कुशल हात लागत. विजेच्या गाडीत इंजिन नाही. तिच्या किमतीचा सर्वांत मोठा भाग बॅटरी, आणि बॅटरीचा जीव तिच्या आतील सेलमध्ये. भारतीय कंपन्या बॅटरी पॅक येथे जोडतात खऱ्या, पण आतील लिथियम सेल बहुतांशी चीनहून येतात. म्हणजे गाडीची निर्मिती झाली तरी बॅटरीची जुळणीच. सेल येथे बनावेत म्हणून २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. ५० गिगावॅट-तास क्षमतेचे तिचे लक्ष्य होते आणि प्रत्यक्ष काम त्याच्या फार मागे राहिले. मग सरकारला उलट्या बाजूनेही चालावे लागले. २०२४ च्या अर्थसंकल्पात लिथियम, कोबाल्ट यांसारख्या खनिजांवरील शुल्क काढले आणि २०२५ मध्ये बॅटरी बनवण्याच्या यंत्रसामग्रीच्या आणखी ३५ वस्तूंवरील. भिंत कुठे उंच करायची यापेक्षा ती कुठे पाडायची, हे ठरवणे अधिक अवघड असते.

चीनने हेच गणित कसे सोडवले, ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. तेथेही भिंत होती. परदेशी मोटार कंपनीला चिनी भागीदाराशिवाय कारखाना काढता येत नसे. २०१५ पासून सरकारमान्य यादीतील बॅटरी वापरणाऱ्या गाड्यांनाच अनुदान मिळे, आणि त्या यादीत कोरियन कंपन्यांना जागा नव्हती. त्या काही वर्षांत चिनी बॅटरी कंपन्या अवाढव्य झाल्या. मग २०१८ मध्ये चीनने विजेच्या गाड्यांसाठी भागीदाराची अट काढली, मोटारींवरील आयात शुल्क २५ वरून १५ टक्क्यांवर आणले आणि टेस्लाला शांघायमध्ये पूर्ण मालकीचा कारखाना काढू दिला. २०१९ मध्ये बॅटरीची ती यादीही रद्द केली. दांडगा प्रतिस्पर्धी जाणूनबुजून घरात घेतला. रहिमतुल्ला आयोगाची तिसरी कसोटी भारताने विसरावी आणि चीनने ती, बहुधा तिचे नावही न ऐकता, पाळावी, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा. बीकेसीच्या दालनात आलेल्या पहिल्या टेस्ला शांघायच्याच कारखान्यात तयार झालेल्या होत्या.

भारताने १५ मार्च २०२४ रोजी विजेच्या मोटारींसाठी जी योजना जाहीर केली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी. कंपनीने किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवण्याची हमी द्यायची. तीन वर्षांत येथे उत्पादन सुरू करायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत देशी मूल्यवर्धन २५ टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के. त्या बदल्यात ३५ हजार डॉलर व त्यावरील किमतीच्या विजेच्या मोटारी अवघ्या १५ टक्के शुल्कात आणता येतील, पण वर्षाला ८,००० पर्यंतच आणि पाच वर्षेच. सोबत बँक हमीही द्यायची.

१९५३ चा सौदाच जणू नव्या कागदावर उतरला आहे, पण दोन बदलांसह. जुळणीवाल्याला आधी बाहेर घालवण्याऐवजी आधी आत घेऊन मुदत दिली आहे. आणि सवलतीची तारीख संपते. मारुतीच्या अनुभवातून काही शिकले गेले असेल तर ते हेच.

सौदा चांगला असला तरी समोरच्याने तो स्वीकारायला हवा. ज्या टेस्लाला डोळ्यांपुढे ठेवून ही योजना आखली गेली असे सर्वत्र मानले गेले, तिने कारखान्याऐवजी दालन निवडले. जून २०२५ मध्ये केंद्रीय अवजड उद्योग मंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनीच सांगितले की टेस्लाला येथे निर्मितीत रस नाही, तिला दालने हवी आहेत. पूर्ण शुल्क भरून थोड्या गाड्या विकणे तिला परवडते. तिची सेवा व साठवणुकीची एक जागा कुर्ला पश्चिमेला आहे. ज्या कुर्ल्यात वालचंदांनी अमेरिकन मोटारींची जुळणी आरंभली, तेथे आता अमेरिकन मोटारी पूर्ण तयार होऊन, चीनमार्गे येतात. व्हिएतनामच्या विनफास्टने मात्र तमिळनाडूत थूथुकुडी येथे कारखाना काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुरू झाला, सुरुवात अर्थातच सुट्या संचांच्या जुळणीने.

दरम्यान, शुल्काची भिंत कितीही उंच असली तरी तिच्याखालून पाणी कसे आटते, हे पुण्याने २०२५ मध्ये पाहिले. विजेच्या मोटरमध्ये दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपासून बनलेली चुंबके लागतात आणि ती घडवण्यात चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याचे तात्कालिक कारण अमेरिकेशी चाललेले शुल्कयुद्ध. झळ मात्र भारतालाही बसली. एकेकाळी ज्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत उभे राहत, त्याच नावाच्या विजेच्या स्कूटरचे उत्पादन चुंबकांअभावी घटवण्याची वेळ बजाजवर आली. ऑगस्टमध्ये कदाचित एकही विद्युत वाहन बाहेर पडणार नाही, असा इशारा कंपनीने जुलैत दिला. आयात शुल्क आपण ठरवू शकतो, पण दुसऱ्याची निर्यातबंदी नाही. १९५३ च्या आयोगासमोर हा प्रश्न अशा रूपात आला नव्हता.

आणि या कथेचे ताजे पान. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार नोंदवली. तिचा रोख प्रगत बॅटरी सेलची प्रोत्साहन योजना, वाहन उद्योगाची प्रोत्साहन योजना आणि मार्च २०२४ ची विजेच्या मोटारींची योजना यांच्यावर आहे. आक्षेप तोच, जो युरोप आणि अमेरिकेने पंचवीस वर्षांपूर्वी घेतला होता : देशी भाग वापरणाऱ्याला झुकते माप, म्हणजे आयात मालाशी भेदभाव. आक्षेप घेणारा देश तो, ज्याने कोरियन बॅटरी चार वर्षे यादीबाहेर ठेवून स्वतःच्या कंपन्या मोठ्या केल्या. या संघटनेची अपील यंत्रणा २०१९ च्या अखेरीपासून, न्यायाधीशांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्यामुळे, ठप्प आहे. २००२ मध्ये भारताने अपील मागे घेतले होते. या खेपेला निकाल विरोधात गेला तर अपील दाखल करता येईल, पण ते ऐकायला तेथे कोणी बसलेले नाही.